मुंबईहून विमानाने किती वेळ लागेल? अंतर आणि वेळ नीट काढायची पद्धत, क्रमाने

"दिल्लीची फ्लाइट दोन तासांची आहे, सकाळी ८ ची घेतो, १० ला पोचलो की ११ ची मिटिंग आरामात" असं म्हणणारे लोक मला सतत भेटतात, आणि त्यातले बरेच जण ११ वाजता अजून बॅगेच्या बेल्टपाशीच उभे असतात. चूक त्यांच्या घड्याळाची नसते, चूक हिशोबाची असते. आपण चार वेगवेगळे आकडे एकाच नावाने बोलतो: दोन एअरपोर्टमधलं अंतर, विमान प्रत्यक्ष हवेत असतं तो वेळ, तिकिटावर छापलेला वेळ, आणि घरातून निघून पलीकडच्या दारात पोचेपर्यंतचा वेळ. प्लॅन करायला फक्त शेवटचा आकडा उपयोगाचा. बाकीचे तीन तिथपर्यंत न्यायला लागतात, म्हणून ते खाली दिलेल्या क्रमानेच काढा.

आणि एक विनंती, भाडं सगळ्यात शेवटी बघा. बहुतेक गोंधळ "स्वस्त दिसली म्हणून पटकन बुक केली" इथूनच सुरू होतो.

सुरुवात करण्याआधी हे लिहून घ्या

- निघायचा नेमका पत्ता आणि पोचायचा नेमका पत्ता. "मुंबई" आणि "लंडन" एवढं पुरत नाही.
- तिथे किती वाजेपर्यंत पोचायलाच हवं ती वेळ, तिथल्या घड्याळाप्रमाणे.
- बॅग चेक-इन करणार की फक्त हातातली.
- महिना आणि वार. जुलै आणि जानेवारीचा हिशोब एक नसतो, मंगळवार आणि रविवारचाही नसतो.
- बरोबर आजी-आजोबा, तान्हं बाळ किंवा व्हीलचेअर लागणारं कोणी आहे का.

टप्पा १: कुठलं एअरपोर्ट ते कुठलं एअरपोर्ट

आधी हा प्रश्न मुंबईत पडायचाच नाही, आता पडतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई एअरपोर्टवरून प्रवासी फ्लाइट सुरू झाल्या, त्यामुळे वेबसाइटवर नुसतं "मुंबई" टाकून शोधलं तर दोन्हीकडच्या फ्लाइट एकाच यादीत येऊ शकतात. सहार-सांताक्रूझचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय. हे तीन अक्षरी कोड बारीक टायपात असतात आणि लोक वाचतच नाहीत. पनवेल, खारघर, बेलापूर, उलवे इकडे राहणाऱ्यांना एनएमआय म्हणजे मोठी सोय आहे, पुण्याहून एक्सप्रेसवेने येणाऱ्यांनाही. दादर-परळवाल्यांना शिवडीहून अटल सेतू घेऊन जाता येतं, फक्त टोल धरा. पण बोरिवली, मीरा रोड, वसई-विरारकडच्यांनी पाचशे रुपये वाचले म्हणून एनएमआय घेतलं तर ते पैसे टॅक्सीतच जातील आणि वेळ जाईल तो वेगळाच.

बीओएमचीही दोन टर्मिनल आहेत. टी१ फक्त डोमेस्टिक, टी२ वर इंटरनॅशनल आणि डोमेस्टिक दोन्ही. दोघांची गेटं वेगळी, रस्ते वेगळे, मधे गाडीने जावं लागतं. "डोमेस्टिक आहे म्हणजे सांताक्रूझ" हा जुना समज सोडा. शिवाय कुठली कंपनी कुठल्या टर्मिनलवरून उडते हे बदलत असतं, मागच्या वेळच्या आठवणीवर जाऊ नका.

पलीकडची बाजूही बघा. गोव्याला दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) अशी दोन आहेत, एक दक्षिणेला सोयीचं आणि एक पार उत्तरेला. काणकोणला जायचंय आणि तिकीट मोपाचं काढलंय तर जवळपास अख्खा गोवा उभा पार करायचा. दिल्लीच्या यादीत गाझियाबादजवळचं हिंडनही दिसतं. लंडनला हीथ्रोशिवाय गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आहेत, आणि दुबईच्या शोधात शारजाही दाखवतात.

तपासा: तिकिटावरचे दोन्ही कोड आणि टर्मिनल कागदावर लिहिले का? नसतील लिहिले तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: अंतर काढा, पण योग्य ते अंतर

फोनच्या मॅपवर मुंबई-दिल्ली टाकलं की १४०० किलोमीटरच्या आसपास दिसतं, ते रस्त्याचं. रेल्वेचं १३८० च्या वर. विमानासाठी यातलं कुठलंच चालत नाही. विमानाचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरचा सगळ्यात जवळचा मार्ग, मुंबई-दिल्लीसाठी तो सुमारे ११४० किलोमीटर आहे.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, त्यात शहराचं नाव न टाकता एअरपोर्टचा कोड टाका. हाताने ताळा करायचा असेल तर सोपं आहे. मुंबई एअरपोर्ट साधारण १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर, म्हणजे १०५२. रेखांशांतला फरक ४.२३ अंश, पण रेखांश उत्तरेकडे जवळजवळ येत जातात म्हणून १११ ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, २४ अंशाच्या आसपास ते ०.९१ धरा, आले ४२७. आता दोघांचे वर्ग करून बेरीज आणि त्याचं वर्गमूळ, उत्तर ११३५ च्या आसपास. कॅल्क्युलेटरने भलताच आकडा दिला तर या ताळ्यात लगेच कळतं.

सावधान: ही हाताची पद्धत दोनेक हजार किलोमीटरपर्यंतच ठीक आहे. लंडन, न्यूयॉर्कला वापरू नका. तिथे सपाट नकाशावर सरळ पट्टी ठेवूनही चालत नाही. मुंबई-न्यूयॉर्कचा सगळ्यात जवळचा मार्ग नकाशावर युरोपवरून वर वळलेला दिसतो, लोकांना वाटतं विमान वळसा घालतंय, पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरलात तर तोच मार्ग सरळ आहे हे दिसेल.

अजून एक, एकक बघा. काही साइट मैल दाखवतात, काही नॉटिकल मैल. एक मैल १.६०९ किलोमीटर, एक नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटर. नॉटिकलचा आकडा किलोमीटर समजून घेतला तर अंतर जवळजवळ अर्धं होतं.

मुंबईहून नेहमी लागणारी काही अंतरं, सगळी अंदाजे: गोवा (दाबोळी) ४२५, नागपूर ६९०, दिल्ली ११४०, कोलकाता १६६०, दुबई १९३०, सिंगापूर ३९००, लंडन ७२००, न्यूयॉर्क १२५०० किलोमीटर.

टप्पा ३: अंतरावरून वेळ

इथे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "विमान ९०० च्या स्पीडने जातं" म्हणून अंतराला ९०० ने भागणं. तो स्पीड वर गेल्यावरचा, आणि तोही मोठ्या विमानांचा. चढताना, उतरताना, रनवेपर्यंत रांगेत सरकताना तो नसतो. जेट विमानासाठी माझा साधा हिशोब असा: किलोमीटरला ८०० ने भागा आणि पाऊण तास मिळवा. दिल्ली ११४० भागिले ८०० म्हणजे १ तास २५ मिनिटं, अधिक ४५, झाले २ तास १०. दुबई ३ तास १०. गोवा १ तास १७. लंडन पावणेदहा. तिकिटावरच्या वेळेशी जुळवून बघा, बऱ्यापैकी जवळ येतं. छोट्या पंख्याच्या एटीआर विमानाला हे लागू नाही, ते ताशी ५०० च्या आसपासच जातं, तिथे ४५० ने भागा.

तिकिटावर जो वेळ असतो त्याला ब्लॉक टाइम म्हणतात, म्हणजे विमान इथल्या बेवरून (विमान उभं करायच्या जागेवरून) मागे ढकललं जातं तेव्हापासून तिथल्या बेवर थांबेपर्यंत. त्यात दोन्हीकडचं टॅक्सीइंग, म्हणजे विमानाचं जमिनीवरून सरकणं, येतं आणि कंपन्या थोडा जादा वेळही धरतात, त्यामुळे कधी विमान उशिरा सुटूनही वेळेत पोचतं. मुंबईत हा जादा वेळ लागतोच. बीओएमला दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकाच रनवेवर काम चालतं. संध्याकाळी गर्दीच्या वेळी उतरणारं विमान वर चकरा मारत राहतं ते याच कारणाने.

वारा विसरू नका. उत्तर भारतावरून हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, म्हणून मुंबई-कोलकाता जाताना कमी वेळ आणि येताना जास्त. लंडनचंही तसंच, जाताना साडेनऊ-दहा तास, येताना नऊच्या आसपास. जातानाचा वेळ बघून परतीचा गृहीत धरू नका, दोन्ही वेगळे काढा.

मार्ग बंद असणं हाही भाग आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यानंतर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या फ्लाइटचा वेळ वाढला. मुंबईहून निघणारी विमानं बहुतेक अरबी समुद्रावरून जातात म्हणून फटका तुलनेने कमी, पण आखातात काही तणाव झाला की तोच मार्ग अडतो. अशा वेळी जुन्या लेखातले तास वापरू नका. फ्लाइटरडार२४ सारख्या अॅपवर फ्लाइट नंबर टाका, गेल्या काही दिवसांत ती प्रत्यक्ष किती वाजता सुटली आणि किती वाजता उतरली ते दिसतं. माझ्या मते अख्ख्या तयारीतली ही सगळ्यात कामाची दोन मिनिटं आहेत.

तपासा: "डायरेक्ट" लिहिलंय म्हणून मधे थांबणार नाही असं समजू नका. एकाच नंबरची फ्लाइट मधल्या शहरात उतरून पुढे जाते. तिकिटावर स्टॉप शून्य आहे ना ते बघा.

टप्पा ४: घड्याळ आणि तारीख

परदेशी जाताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावर सुटायची वेळ सुटण्याच्या ठिकाणची, पोचायची वेळ पोचण्याच्या ठिकाणची. थेट वजाबाकी करायची नाही. आधी पोचायची वेळ भारतीय वेळेत आणा, मग सुटायची वेळ वजा करा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून सकाळी १० ला सुटलं आणि ११.४५ ला पोचलं असं लिहिलंय, तर ११.४५ मध्ये दीड तास मिळवा, झाले १.१५, म्हणजे प्रवास ३ तास १५ मिनिटांचा. पावणेदोन तासांचा नाही. सिंगापूर अडीच तास पुढे, तिथे वजा करायचं. रात्री ११.३० ला सुटून सकाळी ७.३० ला पोचलं, ७.३० मधून अडीच गेले ५, म्हणजे साडेपाच तास.

लंडन आणि अमेरिकेत घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, म्हणजे मधले काही आठवडे लंडन बदललेलं आणि न्यूयॉर्क नाही, किंवा उलट, असं असतं. दोन्हीकडे कनेक्शन असेल तर त्या आठवड्यांत पुन्हा एकदा मोजा.

सावधान, मध्यरात्रीच्या फ्लाइट: मुंबईहून बऱ्याच इंटरनॅशनल फ्लाइट रात्री १२ नंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००.४० असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री एअरपोर्टवर असायचंय. १५ च्या रात्री जेवून निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं, आणि हे शिकलेल्या, फिरलेल्या माणसांचंही होतं. घरात सगळ्यांना तारीख सांगताना "१५ ची फ्लाइट" असं सांगूच नका, "मंगळवारी रात्री ९ ला घरातून निघायचंय" असं सांगा. सोडायला येणाऱ्या काकांनाही तेच सांगा. पोचायच्या वेळेशेजारी +१ असेल तर दुसऱ्या दिवशीची तारीख, हॉटेल त्या तारखेपासून बुक करायचं.

टप्पा ५: घर ते गेट

हा भाग गावोगावी वेगळा, आणि मुंबईत फारच वेगळा. शेवटून सुरुवात करा. डोमेस्टिकला चेक-इन काउंटर साधारण १ तास आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटं आधी. इंटरनॅशनलला काउंटर ६० ते ७५ मिनिटं आधी, कंपनीप्रमाणे. हे झाले दरवाजे बंद व्हायचे वेळ, पोचायचे नाहीत. डोमेस्टिकला २ तास आणि इंटरनॅशनलला ३ तास आधी टर्मिनलच्या दारात असा. दिवाळी, ख्रिसमस, मे महिन्याची सुट्टी असेल तर अर्धा तास अजून. वेब चेक-इन केलं म्हणजे वेळ वाचतो हे फक्त हातातलीच बॅग असेल तर खरं, बॅग द्यायची असेल तर बॅग ड्रॉपची रांग आहेच.

आता रस्ता. मेट्रो ३ सुरू झाल्यापासून टी१ आणि टी२ दोन्हीला स्टेशन आहे, आणि कफ परेड, वरळी, बीकेसीकडून येणाऱ्यांना आता ट्रॅफिकची भीती नाही. मध्य रेल्वेवाल्यांनी घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून एकच स्टेशन पुढे टी२. सामान आटोपशीर असेल तर मी गाडीपेक्षा हेच सुचवेन, कारण यात लागणारा वेळ रोज जवळपास तेवढाच असतो. गाडीचं तसं नाही, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर सकाळी ६ ला जे पाऊण तासात होतं त्याला संध्याकाळी ७ ला दोन तास लागू शकतात. मॅपवर आत्ताचा वेळ बघू नका, "या वेळेला निघालो तर" हा पर्याय निवडून प्रवासाचा वार आणि वेळ टाका, आणि जो पल्ला दाखवेल त्यातला मोठा आकडा घ्या.

हे आधीच बघून ठेवा:

- रविवार असेल तर लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद) कुठल्या मार्गावर, किती ते किती.
- पहिली आणि शेवटची मेट्रो किती वाजता. पहाटेच्या फ्लाइटला मेट्रो मिळेलच असं नाही.
- जून ते सप्टेंबर भरतीची वेळ आणि पावसाचा इशारा. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की रूळ आणि सबवे दोन्ही तुंबतात, एक तास जादा धरा.
- गणपती विसर्जनाचे दिवस, विशेषतः अनंत चतुर्दशी. रस्ते बंद असतात, त्या दिवशी दुपारनंतर गाडीचा भरवसा धरू नका.

टप्पा ६: चाकं टेकल्यापासून दारापर्यंत

इथे थोडक्यात. विमान उतरून बेवर लागणं, उतरणं, चालत बाहेर येणं, नुसत्या हातातल्या बॅगेने २५-३० मिनिटं, बेल्टवरची बॅग असेल तर ४५. मोठ्या परदेशी एअरपोर्टवर इमिग्रेशनसह दीड तास धरलेला बरा. मग तिथून शहरात जायचा वेळ, तोही तिथल्या गर्दीच्या वेळेप्रमाणे. परत मुंबईत येताना इमिग्रेशनसाठी फास्ट ट्रॅकची सरकारी नोंदणी आधी करून ठेवली असेल तर रांगेतला वेळ वाचतो.

टप्पा ७: मधे विमान बदलायचं असेल तर

एकाच तिकिटावर दोन्ही फ्लाइट असतील तर पहिली लेट झाल्यावर पुढची सोय कंपनी बघते. वेगवेगळी दोन तिकिटं काढली असतील तर दुसऱ्या कंपनीला पहिलीशी काही देणंघेणं नसतं, तुम्ही आला नाहीत एवढंच त्यांना दिसतं. वेगळी तिकिटं असतील तर मधे ४-५ तास ठेवा, आणि दुसरी फ्लाइट दिवसातली शेवटची असेल तर सरळ आदल्या दिवशी जा.

परदेशातून मुंबईत उतरून पुढे नागपूर, नांदेड वगैरे जायचं असेल तर लक्षात ठेवा, भारतात ज्या पहिल्या एअरपोर्टवर उतरता तिथे इमिग्रेशन आणि कस्टम्स करायचं, सामान घ्यायचं आणि पुन्हा द्यायचं. टी२ ला उतरून टी१ हून पुढची असेल तर मधला रस्ताही आला. आणि आता एक नवीन धोका, बीओएमला उतरून एनएमआयहून पुढची फ्लाइट. हे वेबसाइट "मुंबईत ३ तास थांबा" म्हणून बिनधास्त दाखवू शकते. घेऊ नका.

टप्पा ८: सगळं उलटं मोजा

आता सगळे आकडे एका ओळीत मांडायचे, पण घरापासून पुढे नाही, पोचायच्या वेळेपासून मागे. उदाहरण घेऊ: डोंबिवलीहून दिल्लीत कॅनॉट प्लेसला दुपारी २ ची मिटिंग, बॅग चेक-इन.

- १.३० ला जागेवर हवं.
- एअरपोर्ट मेट्रो, थांबणं आणि चालणं ४५ मिनिटं, म्हणजे १२.४५ ला बाहेर.
- बॅग आणि चालणं ४५ मिनिटं, म्हणजे १२ ला विमान बेवर.
- तिकिटावरचा वेळ सव्वादोन तास, म्हणजे ९.४५ च्या आत सुटणारी.
- लेट होण्यासाठी १ तास, म्हणजे ८.४५ च्या आसपासची घ्यायची.
- टी२ च्या दारात ६.४५.
- लोकल आणि दोन मेट्रो मिळून पावणेदोन तास, घरातून ५ ला बाहेर.

पहाटे ५ ते दुपारी १.३०, साडेआठ तास. "दोन तासांची फ्लाइट" ती हीच. डिसेंबर-जानेवारी असेल तर दिल्लीच्या धुक्यामुळे लेट होण्याचा तो एक तास दोनतीन करा, किंवा आदल्या संध्याकाळी जा, कारण धुकं पहाटेच्या फ्लाइटना जास्त अडवतं आणि मग दिवसभर सगळ्या मागे ढकलल्या जातात.

आता भाडं बघा. हा हिशोब हातात असला की सकाळी ८.४५ च्या महागड्या फ्लाइटपेक्षा आदल्या रात्रीची स्वस्त फ्लाइट आणि साधं हॉटेल परवडतं का हे खरंखुरं ताडता येतं. आणि पुण्या-गोव्यासारख्या जवळच्या ठिकाणी हाच हिशोब करून बघा, पुण्याला तर ट्रेन सोडून विमान घेण्यात अर्थच नाही, गोव्याला दोन्हीकडचा जमिनीवरचा वेळ धरला की रात्रीच्या ट्रेनशी तुलना करावीशी वाटेल.

आदल्या दिवशी आणि निघताना

आदल्या संध्याकाळी टर्मिनल पुन्हा बघा, वेळ बदलल्याचा मेसेज आलाय का बघा, तिकीट दुसऱ्याने काढलं असेल तर मेसेज त्यांच्या नंबरवर गेलेला असू शकतो म्हणून त्यांना विचारा. निघायच्या आधी अॅपवर तुमचं विमान घेऊन येणारी आधीची फ्लाइट कुठे आहे ते पाहा, तेच विमान अजून चेन्नईत उभं असेल तर तुमची वेळेवर सुटणार नाही हे कंपनीच्या आधी तुम्हाला कळतं. पण त्यावर विसंबून घरातून उशिरा निघू नका, कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते आणि काउंटर मूळ वेळेप्रमाणेच बंद होतं.